गाठ

भोसरीत, टी ब्लॉकमधल्या पत्र्याच्या शेडमध्ये
आठ महिने मी एका चेंडूच्या कातडीवर काम करतेय.
प्लास्टिकचा नको, असं अंध मुलींच्या संघाचं पत्र होतं,
बोटं सोलतात.
म्हणून कातडी. म्हणून शिवण किती वर यावी,
पोटात छर्रे सात की नऊ की अकरा,
आणि पोकळी किती सोडली म्हणजे तो खुळखुळेल
पण टप्प्याला मरणार नाही.
स्क्रीनवर चेंडू निळा दिसतो,
त्याच्या अंगावरून वाऱ्याचे बाण जातात.
वारा त्याला कुठे सोडतो ते मी दशांश चिन्हासकट सांगू शकते.

खरटमलमामा भवानी पेठेत बसतात,
टिंबर मार्केटच्या मागच्या बोळात,
दोन गुडघ्यांत लाकडी चिमटा धरून.
दोन सुया, एकच भोक, समोरासमोरून दोरा.
खांदे उघडतात, मिटतात.
पहिल्या दिवशी मी ड्रॉइंग पसरलं तेव्हा म्हणाले,
"कागद सपाट आहे, ताई. कातडंबी सपाटच.
त्याला गोल व्हायचं नसतं.
समजूत घालावी लागते."
आणि ओल्या कातड्यावर अंगठा फिरवत राहिले,
रुसलेल्या पोराच्या गालावरून फिरवावा तसा.

"शेवटची गाठ कुठे जाते, मामा?"
"आत. दिसली तर मी कारागीर कसला?
दोन वर्षं बापानं मला फक्त गाठ लपवायला शिकवली."

शनिवारी, पाषाणच्या मैदानावर, पहिली चाचणी.
रेहाना मुलाणी विचारते, "तयार?"
समोरून "हो" येतं.
"प्ले!" आणि चेंडू जमिनीलगत सुटतो
खुळखुळत, भरल्या खिशाने पळणाऱ्या पोरासारखा.
बॅट गुडघ्याखालून फिरते. लागला!
मी खूश. क्लिपबोर्डवर बरोबरची खूण.
कव्हरकडे गेला, गवतात शिरला,
थांबला.

मग काहीच ऐकू येईना.
तिघी गुडघ्यांवर, हातांनी गवत चाचपतायत.
एकीला दगड लागला.
एकीला कुणाची तरी जुनी चप्पल,
त्यावर सगळ्या हसल्या, मीही,
आणि धावा होत राहिल्या.

रेहाना माझ्या आवाजाच्या दिशेनं आली.
"मॅडम, पळताना छान बोलतो तुमचा चेंडू.
पण थांबला की कुठे जातो?"

माझ्या फायलीत ऐंशी पानं आहेत. सगळी वेगाची.
थांबलेल्या चेंडूला एक ओळसुद्धा नाही.
थांबला म्हणजे माझ्यापुरता तो संपलेला असे.

सोमवारी मामांना म्हटलं, गाठ बाहेर ठेवा.
त्यांनी चहा संपवला. कप विसळून पालथा घातला.
उघड्या अंगानं चौकात उभं राहा
असं सांगितल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.
"लोक म्हणतील, खरटमलचा हात गेला."
"हाताला गवत कोणतं, चेंडू कोणता, ते कळायला हवंय."
बराच वेळ नुसता दोऱ्याला मेण लावत बसले.

गाठ आली. ज्वारीच्या दाण्याएवढी,
शिवणीच्या काठावर, जरा तिरकी.
वाऱ्याच्या बोगद्यात चेंडू एका अंगाला झुकला,
आलेखाला पोट सुटलं.
पेठकर सर म्हणाले, "हा दोष आहे."
म्हटलं, "हो सर. ठेवायचा आहे."

काल रेहानाला दिला.
तिनं तो टाकला नाही लगेच.
दोन्ही तळव्यांत फिरवला, एकदा, दोनदा,
मग अंगठा एका जागी थांबला
आणि तिथंच राहिला.
"झुकतो जरा," मी आधीच कबूल केलं.
"झुकू दे. कुठून झुकतो ते ऐकू येईल."
अंगठा अजून तिथंच.
"ज्यांनी शिवला, ते डावरे आहेत का?"

आठ महिने मी ते हात पाहत होते,
मोबाइलवर चित्रफिती काढल्या, टाक्यांतलं अंतर मोजलं.
मला सांगता येईना.